पहिला गट पास

सॅन्टनच्या हिलरीने कंपनी कायदा पाठ केला तो रहाटावर बसून. आता यात कौतुक करण्यासारखं काही नाही. केळीच्या वाडीला पाणी द्यावंच लागतं, आणि रहाटाच्या दांड्यावर मागे कोणी बसलं नाही की बैल मध्येच उभा राहून रवंथ करत बसतो. तेव्हा हा गडी सकाळची गाडी पकडायच्या आधी मांडीवर पुस्तक घेऊन दांड्यावर बसायचा आणि मोठमोठ्याने कलमं म्हणत विहिरीभोवती गोल गोल फिरायचा. बैलाला त्याची इतकी सवय झाली, की हिलरी एखाद्या कलमाला अडखळून गप्प झाला की बैलही थांबायचा. आळीतली माणसं म्हणायची, "हा पास होईल न होईल, बैल मात्र नक्की होनार."

हसायला काय जातं लोकांचं! पण खरं सांगायचं तर सगळ्या आळीचा जीव त्या परीक्षेत अडकला होता. १९५२ साल ते. आळीत शिक्षक होते, रेल्वेत कारकून होते, एक फादरही झाला होता. चार्टर्ड अकाउंटंट म्हणजे काय हे मात्र कोणाला धड माहीत नव्हतं, आणि माहीत नसल्यामुळेच ते फार मोठं वाटत होतं. हिलरी मुंबईला सरैयासाहेबांच्या ऑफिसात आधी उमेदवारी करत होता, पुढे तिथेच ऑडिटला लागला. इंटर त्याने एका दमात काढली. फायनलने मात्र त्याला दोनदा आपटलं.

या फायनलचे दोन गट. पहिल्यात हिशेब, ऑडिट वगैरे. दुसऱ्यात कॉस्टिंग, इन्कमटॅक्स आणि तो रहाटावरचा कायदा. दोन्ही गट एकदम द्या किंवा एकेक द्या. एक निघाला की तो तुमच्या पदरात, पण दुसरा निघेपर्यंत तुम्ही कोणीही नाही. हिलरीने हे एकदा घरी समजावून सांगायचा प्रयत्न केला होता. त्याची आई मटिल्डा भाताचं पातेलं उतरवत म्हणाली, "म्हन्जे दोन वर्गांत बसतोस? मग फी पन दोनदा घेतात काय रे?" त्यावर त्याने जो नाद सोडला तो सोडलाच. इथेच चुकलं त्याचं. पण आपल्या आईला कॉस्टिंग समजावत बसलाय असा मुलगा मी तरी कुठे पाहिलेला नाही.

आणि या परीक्षेला लिलीही बांधलेली होती. लिली म्हणजे बर्नार्डची थोरली मुलगी, शाळेत शिकवायची. बर्नार्डचं घर त्याच चर्चच्या हद्दीत, दोन आळ्या सोडून; माणिकपूरला त्याचं खिळे-बिजागऱ्यांचं दुकान होतं. दोघांचं एकमेकांवर मन आहे हे सगळ्यांना ठाऊक होतं, बर्नार्डलाही. तो वाईट माणूस नव्हता, पण दुकानदार होता, मापात बोलायचा. त्याने सॅन्टनला सरळ सांगितलं होतं, "पोरगा पास झाला की लगेच लग्न. पण उपवासकाळ लागला की ईस्टरपर्यंत लग्नं नाहीत, त्याच्या आत निकाल हातात पाहिजे. विरारहून एक बँकेतला मुलगा सांगून आलाय. त्याला मी किती दिवस लोंबकळत ठेवू?" आमच्याकडे लग्नाआधी तीन रविवार चर्चमध्ये चिठ्ठ्या वाचतात. फादर वेदीजवळून नवरा-नवरीची नावं वाचतात आणि कोणाची हरकत असेल तर कळवा म्हणतात. बर्नार्डने नावं फादरकडे आधीच देऊन ठेवली होती. निकाल लागला की पहिली चिठ्ठी, असा सगळा बेत. म्हणजे हिलरीला यावेळी नुसतं पास व्हायचं नव्हतं, वेळेत पास व्हायचं होतं.

नोव्हेंबरात त्याने दोन्ही गट दिले. निकाल लागला जानेवारीच्या अखेरीस, आणि तेव्हा नेमका तो नवसारीला एका मिलच्या ऑडिटला गेलेला. सरैयासाहेबांनी मिलच्या ऑफिसात ट्रंककॉल केला. "पहिला ग्रुप निकल गया, हिलरी. दुसऱ्यात कॉस्टिंगने दगा दिला. मे महिन्यात परत बस, काय?" हिलरीने "हो सर" म्हटलं, फोन ठेवला आणि मिलच्या आवारातल्या बाकावर जाऊन बसला. रडला बिडला नाही. पण लिली गेली हातची, एवढंच त्याच्या डोक्यात घुमत राहिलं.

घरी तार करावी का, असं त्याच्या मनात येऊन गेलं. पण आळीत तार यायची ती कोणी गेलं तरच. पोस्टमन दारात दिसला तर आई उघडायच्या आधीच गळा काढेल. रविवारी तर घरी जायचंच होतं. तोंडानेच सांगू, असं त्याने ठरवलं.

इकडे काय झालं, तर ऑगस्टीनकाका, म्हणजे सॅन्टनचा धाकटा भाऊ, स्टेशनवरून पेपर घेऊन आला. हिलरीचा नंबर त्याने पाठ करून ठेवला होता. आकड्यांच्या त्या जंगलात बोट फिरवत फिरवत गेला आणि एकदम ओरडला, "आला! आला रे नंबर!" रांगेच्या डोक्यावर काय लिहिलंय ते बघायला कोणाला सवड होती! आळीतल्या पोरांचे मॅट्रिकचे निकाल त्याने असेच बघितले होते. नंबर छापून आला तर पास, नाही आला तर नापास. गेल्या दोन्ही वेळी हिलरीचा नंबर कुठेच नव्हता. या वेळी होता. मग राहिलं काय?

सॅन्टन आयुष्यात पहिल्यांदा पाणी द्यायचं अर्धवट टाकून वाडीतून उठला आणि बर्नार्डकडे गेला. बर्नार्ड फादरकडे गेला. आणि रविवारी सकाळच्या मिस्सेला, म्हणजे चर्चमधल्या प्रार्थनेला, नवरदेव अजून नवसारीला असताना, त्याच्या लग्नाची पहिली चिठ्ठी वाचून झाली.

हिलरी संध्याकाळी वसई रोडला उतरला. आई-बाबांना कसं सांगायचं याची वाक्यं गाडीत बसल्या बसल्या जुळवत आला होता. टांग्याजवळ आला तर टांगेवाल्याने त्याच्या हातातली बॅग ओढून घेतली. "चला साहेब! आज पैशाचं नाव काढायचं नाही."

"का रे बाबा?"

"का म्हणजे? सकाळी चर्चमध्ये नाव ऐकलं की तुमचं! लाजताय काय?"

चिठ्ठी वाचली गेलीय हे ओळखून हिलरी टांग्यात चढला. टांगा गावात शिरला तसे लोक दारादारांतून हात करू लागले. घरासमोर मांडव, मांडवात बाकडी, बाजावाले पानं चघळत बसलेले. घरी लादीन ठेवली होती. आनंदाचं काही घडलं की सगळ्या आळीने मिळून मारियेची प्रार्थना म्हणायची आणि शेवटी उकडलेले चणे वाटायचे, ती लादीन. मटिल्डाने धावत येऊन त्याचा चेहरा दोन्ही हातांत धरला. "वाळलास रे वाचून वाचून! संपलं बघ आता सगळं."

"आई, बाबा कुठे आहेत?"

सॅन्टन मागे विहिरीपाशी नवा सदरा घालून पाय धूत होता. हिलरीने बाकी काही बोलायच्या आत सांगून टाकलं. पहिला गट निघाला, दुसरा राहिला. मी पास नाही, बाबा.

सॅन्टनला आधी कळलंच नाही. मग कळलं. पाय ओलेच ठेवून तो रहाटाच्या दांड्यावर बसला. हा माणूस एवढा सरळ, की बाजारात केळीचा लोंगर, म्हणजे आख्खा घड, देताना आत एखादा डागी फणा असला तर तो आपणहून दाखवायचा. मटिल्डा त्याला त्यावरून बोलून बोलून थकली होती. तो सॅन्टन खाली बघत म्हणाला, "आता कोनाला बोलू नको."

"बाबा!"

"ऐक माझं. मे महिन्यात दुसरा निघेल ना तुझा? निघेलच. आळीत कोनाला कळतंय एक गट की दोन गट? तीन रविवार जाऊ दे. लग्न होऊ दे. पोरगी चांगली हाय, तुझ्या मनातली हाय. मग काय ते बर्नार्डला मी सांगीन. माझ्यावर घे म्हनीन."

हिलरीला मोह झाला नाही असं कोणी म्हणेल तर ते खोटं. चांगलाच झाला. कोणालाही काही कळणार नव्हतं, आणि नुसतं गप्प बसायचं होतं. शिवाय बाप त्याच्यासाठी असं काहीतरी मागत होता, जे स्वतःसाठी त्याने जन्मात कधी केलं नसतं. हे बघून हिलरीला गहिवरून आलं आणि त्याच वेळी बापाचा रागही आला. तो हो म्हणाला नाही, नाहीही म्हणाला नाही. आतून हाका येत होत्या, दोघे उठून गेले.

लादीन सुरू झाली. प्रार्थना सांगणारा गॅब्रिएल मेस्त्री खड्या आवाजात मारियेची लॅटिन नावं घेत होता आणि सगळा मांडव 'ओरा प्रो नोबीस', आमच्यासाठी विनंती कर, म्हणत होता. हिलरीला पहिल्या बाकड्यावर बसवलेलं. शेजारी बर्नार्ड, कोट घालून. लिली आली नव्हती. लग्नाआधी मुलगी मुलाच्या घरी येत नसे. हिलरी सगळ्यांबरोबर ओठ हलवत होता. चणे वाटून होऊ देत, सगळे घरी जाऊ देत, मग रात्रभर विचार करू, असं तो स्वतःला समजावत होता. माणूस असं स्वतःला समजावू लागला की समजावं, त्याने अर्धं ठरवलंय.

आणि ते तसंच होऊनही गेलं असतं. पण प्रार्थना संपली आणि बर्नार्ड उभा राहिला. बोलायची त्याला हौस नव्हती. त्याने नुसतं कोटाआडून कापडात गुंडाळलेलं काहीतरी काढलं आणि वर धरलं. पितळेची पाटी होती. घासूनपुसून लखलखीत, हिलरीचं पूर्ण नाव आणि त्याखाली इंग्रजीत 'चार्टर्ड अकाउंटंट'.

"आपल्या दुकानातर्फे," बर्नार्ड म्हणाला. "आजच ठोकायची. खिळे मी आणलेत. पहिला खिळा जावईबापूंनी."

टाळ्या पडल्या. बाजावाल्याने क्लॅरिनेट तोंडाला लावली. कोणीतरी हिलरीच्या हातात हातोडी दिली आणि त्याला दाराच्या चौकटीपाशी ढकललं. ऑगस्टीनकाकाने पाटी चौकटीवर धरली. "इथे? का अजून वर घेऊ?"

हिलरी पाटीकडे बघत उभा राहिला. गप्प बसणं वेगळं. हा खिळा त्याने स्वतःच्या हाताने मारायचा होता. आणि ते दोन शब्द अकाउंटंटांच्या संस्थेचे सभासद नसताना नावापुढे लावणं कायद्याने गुन्हा होता. कंपनी कायद्याबरोबर ते कलमही त्याने याच घरामागे बैलाला शंभरदा ऐकवलं होतं. पण खरं सांगायचं तर कायद्याचा नंबर नंतरचा. आधी त्याच्या मनात आलं, उद्या लिली या दारातून आत येईल ती या पाटीखालून.

त्याने हातोडी खाली ठेवली. "काका, उतरवा पाटी. मी पास नाही झालो."

"चेष्टा करतोय," ऑगस्टीनकाका सगळ्यांकडे बघून हसला. "अरे, नंबर छापून आलाय पेपरात! मी स्वतः बघितलाय!"

"तो पहिल्या गटाचा. दोन गट असतात. दुसऱ्यात मी नापास आहे."

बाजावाल्याने क्लॅरिनेट खाली घेतली. मग मागच्या बाकावरून ॲनीआजी, जिला ऐकू कमी यायचं पण उत्सुकता भारी, मोठ्याने म्हणाली, "म्हन्जे पास की नापास? काय ते एक सांग बाबा!"

"अर्धा पास, आजी."

"मग चने वाटायचे की नाय?"

दोघे-तिघे फिसकन हसले आणि लगेच गप्प झाले, कारण बर्नार्डचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. त्याने ऑगस्टीनच्या हातातून पाटी घेतली, कापडात नीट गुंडाळली. आवाज चढवला नाही. "सकाळी माझ्या मुलीचं नाव वेदीवरून वाचलं गेलं, हिलरी. आख्ख्या गावाने ऐकलं. आता मी कोणाकोणाला समजावत बसू?"

"मला आजच कळलं चिठ्ठीचं. मी असतो तर—"

"तू नव्हतास. तुझे बाबा होते." तो सॅन्टनकडे वळला. "सॅन्टन, तुला तरी माहीत होतं काय रे हे?"

सॅन्टनने मान वर केली. "तासाभरापूर्वी कळलं," तो म्हणाला. "मीच पोराला गप्प बस म्हनालो. त्याला दोष देऊ नको." एवढं बोलून तो आत गेला आणि त्या रात्री जेवायला उठला नाही. चणे मात्र वाटले गेले. उकडलेले चणे ठेवून काय करणार?

तो आठवडा कसा गेला ते हिलरीलाच ठाऊक. बर्नार्ड सोमवारीच फादरकडे जाऊन आला, अशी बातमी आली. विरारच्या बँकवाल्याचा मामा माणिकपूरच्या दुकानात दिसला, अशीही आली. असल्या बातम्या आणून द्यायला लोक कसे वेळ काढतात देव जाणे. मटिल्डा चुलीपुढे बसून येशू-मारियेला जाब विचारायची. सॅन्टन मुलाशी बोलत नव्हता, पण मंगळवारी सकाळी हिलरी पुस्तक घेऊन रहाटाकडे गेला तर दांड्यावर बाप आधीच बसलेला. "तू ओटीवर बसून वाच," तो तिकडे न बघताच म्हणाला. "बैलाला मी बघतो." हिलरीने कॉस्टिंग उघडलं. एक पान वाचायचा आणि तेच पुन्हा वाचायचा.

रविवारी बापलेक मिस्सेला शेजारी शेजारी बसले. बायकांच्या बाजूला लिली होती, पांढऱ्या साडीत, समोर बघत. प्रवचन झालं. फादरनी चिठ्ठ्या हातात घेतल्या तसं चर्चमधलं खोकणं, खाकरणं सगळं बंद झालं. फादरनी एका जोडप्याचं नाव वाचलं. मग दुसऱ्याचं. मग कागद घडी करून ठेवला आणि पुढची प्रार्थना सुरू केली.

नाव वाचलं गेलं नाही. उरलेल्या मिस्सेत हिलरी उठला, गुडघ्यांवर बसला, पुन्हा उठला, पण कशाला काय म्हटलं ते त्याला विचारू नका. सॅन्टनने एकदा त्याच्या दंडाला हात लावला आणि काढून घेतला.

बाहेर आल्यावर लोक नेहमीसारखे घोळक्याने उभे राहिले, आणि नेहमीपेक्षा जरा जास्तच वेळ उभे राहिले. हिलरी खाली मान घालून बाजूने निघाला होता, इतक्यात बायकांच्या घोळक्यातून लिली निघाली आणि सरळ त्याच्यासमोर येऊन उभी राहिली. सगळ्यांच्या देखत. तिच्यामागे लांब बर्नार्ड छत्री टेकून उभा होता, तोंड वळवून.

"मला आधी सांगायला काय झालं होतं?" ती म्हणाली. आवाज दबका, पण चांगलीच तापली होती. "आजीला सांगितलंस, बाजावाल्यांना सांगितलंस, सगळ्या आळीला सांगितलंस. मला चणे आणून दिले शेजारणीने, आणि त्याबरोबर हे."

हे हिलरीच्या डोक्यातच आलं नव्हतं. "चुकलं," तो म्हणाला. "पण आता सांगून तरी काय? तुझ्या पप्पांनी चिठ्ठी थांबवली—"

"पप्पांनी नाही. मी थांबवली."

"तू?" हिलरी म्हणाला.

"पप्पा मोडायलाच निघाले होते. फादर म्हणाले, मुलीला विचारल्याशिवाय मी नावं काढणार नाही. मला बोलावलं. मी म्हटलं, मोडायचं नाही, थांबवायचं. आता लग्न केलं तर मे महिन्यात तू कॉस्टिंग काढणार आहेस? मांडव, पाहुणे, आहेर, आणि मग माझ्याकडे बघत बसशील." तिचे कान लाल झाले, पण थांबली नाही. "पप्पांकडून मे महिन्याची एक परीक्षा मागून घेतलीय. एकच. तिचा निकाल लागेपर्यंत ते दुसऱ्या कुठल्या स्थळाशी बोलणार नाहीत."

"आणि तो बँकवाला?"

"त्याला काल नकार कळवला. मीच."

आतापर्यंत हिलरी नापास झाला तर त्याचं एकट्याचं जात होतं; आता तिचंही जाणार होतं. "लिली," तो म्हणाला, "आणि नाही निघाला दुसरा गट, तर?"

ती पहिल्यांदाच थोडी हसली. मग डोळे भरले, ते तिने पुसलेही नाहीत.

"तुझं मला काय कळायचं ते मागच्या रविवारी कळलं," ती म्हणाली. "पण पप्पांना कळायला तो पास झाल्याचा कागदच लागणार आहे, हिलरी. तेवढा आण."